आयर्न मेडन ऐकायला सुरुवात कुठून करावी? (घरात एक मेटलवेडा आहे)

सांजवात

नमस्कार मंडळी. हा धागा बहुतेक चुकीच्या बाईने काढलाय, तरी काढते. माझं ऐकणं म्हणजे कुमारजी, माणिक वर्मा आणि पोळ्या लाटताना विविधभारती. लेक यंदा दहावीत गेला. गेल्या महिन्यात त्याच्या खोलीतल्या भिंतीवर एक सांगाडा मुक्कामाला आला. डोक्यावर लांब केस, अंगात लाल कोट, हातात ब्रिटनचा फाटका झेंडा. सासूबाई त्या खोलीवरून जाताना "शिव शिव" म्हणतात. चौकशीअंती कळलं, त्याचं नाव एडी आणि बँडचं नाव आयर्न मेडन, इंग्लंडातला हेवी मेटल वाजवणारा.

पंधरा दिवसांनी लेकाचा वाढदिवस आहे. तो फोनवर ऐकतो, म्हणजे फोन जे पुढं ढकलेल ते. मला त्याला एक अख्खी सीडी द्यायची आहे. ह्यांच्या जुन्या म्युझिक सिस्टीमची कॅसेटची बाजू मेलीय, पण सीडीची अजून जिवंत आहे. शोधायला गेले तर स्टुडिओत केलेले १७ अल्बम, त्यावर लाइव्हची रांग वेगळीच. म्हटलं सोपं आहे, जो इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेला तो घ्यावा. तर असे पाच निघाले! आणि हा दिवसभर "ओ ओ ओ ओ" करत जे गाणं गुणगुणतो ते त्या पाचांत नाहीच.

तर कुठला घेऊ? नंबरावर जावं की जाऊ नये? आणि सैतानाचं काही प्रकरण आहे का, ते एकदा खरं खरं सांगा. सासूबाईंना उत्तर द्यायचंय.

धोबीतलाव

ताई, चुकीच्या बाईने नाही, योग्य आईने काढलाय धागा. आमच्या आईने माझं पोस्टर मागच्या बाजूला पिठाचा डबा ठेवायला वापरलं होतं.

आधी सासूबाईंचं. १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' या नावावरून अमेरिकेत काही धार्मिक मंडळींनी रेकॉर्डी जाळल्या होत्या, हे खरं. पण गाणं आहे एका भयंकर स्वप्नाबद्दल. बँडचा बास गिटारवाला स्टीव्ह हॅरिस एक भुताटकीचा सिनेमा पाहून झोपला आणि दचकून उठला, एवढीच गोष्ट. बाकी यांची गाणी बघाल तर इतिहासाच्या मास्तरांनी लिहिल्यासारखी. भिंतीवरचा तो लाल कोटवाला एडी म्हणजे 'द ट्रूपर'. १८५४ च्या क्रिमियन युद्धात ब्रिटिश घोडदळ रशियन तोफांच्या तोंडी गेलं, त्यातल्या एका स्वाराचं गाणं. "ओ ओ ओ ओ" तेच. बास आणि ड्रम मिळून टगडक टगडक करतात ते घोडेच आहेत. हॅरिस हे सगळं पिकशिवाय (तार छेडायची पट्टी), नुसत्या बोटांनी वाजवतो. सासूबाईंना पावनखिंड सांगा, लगेच पटेल.

'ट्रूपर' आहे १९८३ च्या 'पीस ऑफ माइंड'वर. तो अल्बम ब्रिटनमध्ये ३ नंबरपर्यंत गेला, गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुटं विकलं तेव्हा, १२ पर्यंत. त्या हिशेबाने नापासच की! आणि आज त्यांच्या मैफिलीत हे गाणं वाजलं नाही तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.

माझं मत: 'पॉवरस्लेव्ह', १९८४. तोही नंबर एकवर गेला होता बहुतेक, नीट आठवत नाही.

आकडेमोड

गेला नव्हता. २ नंबर. 'बीस्ट' (१९८२), 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' (१९८८), 'फिअर ऑफ द डार्क' (१९९२), 'द फायनल फ्रंटियर' (२०१०) आणि 'द बुक ऑफ सोल्स' (२०१५), हे ते पाच.

धोबीतलाव

आलात? वाटच बघत होतो. दुरुस्ती मान्य.

विलायतीपाटील

मी काही वर्षं लंडनला ईस्ट हॅममध्ये भाड्यानं राहायचो. हाय स्ट्रीट नॉर्थवर डोसा खायला जाताना एक जुनी पबची इमारत लागायची, रस्किन आर्म्स. मेडन सुरुवातीच्या काळात तिथं वाजवायचे. हॅरिस त्याच भागातला, लेटनस्टोनचा. बँड काढला १९७५ च्या नाताळात. आसपास आता सगळी आपली दुकानं, तांदळाची पोती आणि फोनकार्डं. मी दोन वर्षं त्या इमारतीसमोरून पिशवी घेऊन जात होतो आणि मला पत्ता नव्हता.

आता नंबराचं, कारण ताईंचा प्रश्न चांगला आहे आणि लोक तो उडवून लावतात. चार्ट म्हणजे त्या आठवड्यात किती खपलं, बस. किती चांगलं, किती टिकलं, याचा त्यात हिशेब नाही. मेडनचे चाहते पहिल्याच आठवड्यात दुकानात धावतात. त्यामुळे अल्बम वर उसळी घेतो आणि मग घसरतो. गंमत बघा. त्यांचं ब्रिटनमधलं एकमेव नंबर एकचं सिंगल कुठलं? 'ट्रूपर' नाही, 'रन टू द हिल्स' नाही (ते ७ पर्यंत). ते आहे 'ब्रिंग युअर डॉटर... टू द स्लॉटर'. २४ डिसेंबर १९९० ला बाजारात आणलं, म्हणजे नाताळची खरेदी उरकून दुकानं थंडावतात तेव्हा. त्या आठवड्यात एकूण खपच कमी, आणि चाहत्यांनी वेगवेगळ्या आवृत्त्या उचलल्या. रेडिओवर फारसं न वाजता जानेवारी १९९१ मध्ये दोन आठवडे वर, क्लिफ रिचर्डच्या नाताळगाण्याला ढकलून! ज्या अल्बमवर ते आहे तो 'नो प्रेअर फॉर द डायिंग' मात्र चाहत्यांच्या यादीत बराच खाली असतो. मी स्वतः तो शेवटचा कधी लावला आठवत नाही.

उलटं उदाहरण अमेरिकेचं. 'बीस्ट' तिथं ३३ वर अडकला होता. २०२१ चा 'सेन्जुत्सू' गेला ३ वर. मग काय साठीतले म्हातारे तरुणपणापेक्षा लोकप्रिय झाले? तसं नाही. बाकीच्या जगाने सीडी विकत घ्यायचं सोडलं, मेडनवाल्यांनी नाही सोडलं.

आकडेमोड

'सेन्जुत्सू' ब्रिटनमध्ये २. रॅपर ड्रेकचा अल्बम आडवा आला.

फाटकामफलर

सगळे गायक ब्रूस डिकिन्सनच्या काळातच घुटमळताय. तो १९८१ च्या शेवटी आला. त्याआधीचे दोन अल्बम पॉल डिआनोच्या आवाजात आहेत, पहिला १९८० चा (४ नंबर) आणि 'किलर्स'. 'किलर्स' १२ वर थांबला, पण त्यात जो रस्त्यावरचा मळ आहे तो नंतर कधी सापडला नाही. डिआनो २०२४ मध्ये गेला. त्या रात्री मी 'किलर्स' दोनदा ऐकला.

आणि हो, ब्रूस मधे सोडून गेला तेव्हाचा गायक ब्लेझ बेली, त्याला शिव्या घालायच्या आधी त्याचं 'साइन ऑफ द क्रॉस' ऐका. अकरा मिनिटं आहे, पळून जाऊ नका.

धोबीतलाव

ब्लेझचा मुद्दा निघाला म्हणजे धागा आता शंभरी गाठणार. गाणी चांगली आहेत, मान्य. पण 'व्हर्च्युअल इलेव्हन' (१९९८, १६ नंबर) दहावीच्या पोराला वाढदिवसाला देणं म्हणजे श्रीखंडाऐवजी चक्का देण्यासारखं आहे. १९९९ ला ब्रूस आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ परतले, तीन गिटारी झाल्या आणि २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला. तो ७ पर्यंतच गेला, पण दुसरा अल्बम म्हणून ताईंनी तोच घ्यावा.

'पॉवरस्लेव्ह' का म्हणतो ते सांगतो. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुल. मेडनच्या जगदौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत! आदल्या वर्षी बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर येऊन गेले होते, तेव्हा मला रजा मिळाली नव्हती. ते दुःख सांगत बसत नाही. या वेळी विमान खास त्यांच्यासाठी भाड्यानं घेतलेलं, बोइंग ७५७, शेपटीवर एडी, आणि वैमानिक कोण? गाणारा ब्रूसच. ऑफिसातून अर्धा दिवस टाकून कुर्ल्याला उतरलो, रिक्षावाला म्हणाला, "आज काय मोर्चा आहे का, सगळे काळे कपडे घालून चाललेत." अंधार झाला, स्पीकरवर चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि त्याच्या शेवटच्या शब्दावर 'एसेस हाय'. माझ्या शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ होते, टाय खिशात कोंबलेला. ते रडत होते. मी नव्हतो रडत, डोळ्यांत धूळ गेली होती. त्या रात्रीचं 'एसेस हाय' पुढं 'फ्लाइट ६६६'च्या लाइव्ह अल्बमवर आलं, त्यात मुंबईची गर्दी ऐकू येते. त्यातला माझा आवाज कुठला ते मी बायकोला दाखवतो, तिला पटत नाही.

तर 'एसेस हाय' हे 'पॉवरस्लेव्ह'चं पहिलं गाणं. आणि शेवटचं, आठवं, त्याबद्दल ताईंना मुद्दाम सांगतो. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. पावणेचौदा मिनिटांच्या आसपास, कोलरिजच्या कवितेवर. मुंबईत त्यांनी ते कित्येक वर्षांनी पुन्हा वाजवलं.

सांजवात

थांबा. कोलरिजची कविता? अल्बट्रॉस मारतो तो म्हातारा खलाशी? आम्हाला एफवायबीएला होती ती!

धोबीतलाव

तीच. गाण्याच्या मध्यावर सगळं शांत होतं, नुसतं जहाजाचं लाकूड करकरतं, आणि कवितेतल्या ओळी जशाच्या तशा म्हटल्या जातात. ताई, ख्यालाचा कान आहे ना तुमचा? मग हे गाणं तुम्हाला तीन मिनिटांच्या गाण्यांपेक्षा सोपं जाईल. घाईच नाही त्याला.

रेकॉर्डवेडा

एक व्यवहाराचं. 'पॉवरस्लेव्ह' घेताना २०१५ चं रीमास्टरिंग (मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा साफसूफ केलेलं) असलेली सीडी बघा, पुठ्ठ्याच्या वेष्टनात येते. १९९८ ची जुनी आवृत्ती जुन्या बाजारात स्वस्त मिळते, पण ती मला कानाला बोचते. एलपीच्या नादी आत्ता लागू नका, पोरगा पहिल्याच आठवड्यात सुई मोडेल. आणि कव्हर मोठं करून बघा त्याच्यासोबत. चित्रकार डेरेक रिग्जने त्यातल्या इजिप्तच्या मंदिरात बारीक बारीक खोड्या लपवल्यात, एका ठिकाणी मिकी माउससुद्धा आहे.

माझं स्वतःचं मत 'सेव्हन्थ सन'ला आहे. त्यातली चार सिंगलं ब्रिटनमध्ये पहिल्या दहात होती, म्हणजे आकडेमोडरावही खूश. पण कीबोर्ड आहेत, काही जणांना ते पातळ वाटतं.

आकडेमोड

३, ५, ६ आणि ६. शेवटचं 'इन्फिनिट ड्रीम्स', लाइव्ह.

सांजवात

मंडळी, अहवाल द्यायला आले. 'पॉवरस्लेव्ह' दिला. पोराने वेष्टन सोडवलं आणि पहिला प्रश्न, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, मलाही ओळखी आहेत.

सिस्टीम बैठकीच्या खोलीत असल्यामुळे अख्ख्या घराने ऐकला. पहिली दोन गाणी झाल्यावर सासूबाई आत गेल्या, दार मात्र उघडं ठेवलं. मिकी माउस सापडायला वीस मिनिटं लागली. आठवं गाणं लागलं तेव्हा मी माळ्यावरून कॉलेजचं पुस्तक काढून आणलं. लाकूड करकरायला लागलं आणि त्या ओळी आल्या, चंद्राखाली दोनशे खलाशी हुं की चूं न करता एकेक करून कोसळतात त्या. मी पान उघडून त्याच्यापुढं धरलं. तिथं समासात माझ्या तेव्हाच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "४ गुणांसाठी, व्हेरी इम्प."

पुस्तक आता त्याच्या खोलीत आहे. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' दिवाळीला घेईन. फाटकामफलर, 'साइन ऑफ द क्रॉस' त्याने आधीच ऐकलं होतं, तुमच्या बाजूने आहे तो.