बेकारी भत्ता चालू असताना बाळ झालं, आता काय करू?

प्रश्न: आम्ही सॅन होजेला राहतो. माझी नोकरी गेल्यापासून आठवड्याला ४५० डॉलर बेकारी भत्ता मिळतोय. परवा मुलगी झाली. दर दोन आठवड्यांनी भरायच्या फॉर्मवर विचारतात, कामाला उपलब्ध आहात का? लेक मांडीवर झोपलीय आणि 'हो'वर बोट जात नाही.

उत्तर १: अभिनंदन! खोटं 'हो' अजिबात लिहू नका, नंतर पैसे दंडासकट परत मागतात. तुम्ही नोकरी शोधत होतात ना? मग कॅलिफोर्नियाच्या कौटुंबिक रजेच्या भत्त्यासाठी (बाळाजवळ राहायला घेतलेल्या रजेत राज्य देतं ते पैसे) अर्ज करता येतो. हा आणि बेकारी भत्ता, दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. जास्तीत जास्त ८ आठवडे, आधीच्या पगाराच्या ७० ते ९० टक्के. बेकारी भत्त्यापेक्षा बहुधा जास्तच.

उत्तर २: मी हेच केलं. अर्ज रजेच्या पहिल्या दिवसापासून ४१ दिवसांच्या आत करा, त्याआधी नको. जन्माचा पुरावा जोडा. माझा फोटो अंधुक होता, तेवढ्यासाठी तीन आठवडे रखडलं. कागद खिडकीपाशी, उजेडात ठेवून काढा. रजा संपली की बेकारीचा जुना दावा पुन्हा उघडता येतो, त्या दाव्याला वर्ष उलटलं नसेल तर.

प्रश्नकर्ता: जीव भांड्यात पडला. दवाखान्याचा कागद काढलाय, उद्या सकाळी उजेडातच फोटो घेतो.