सातवी, मराठी माध्यम: इंग्रजी वाचन आणि शब्दांसाठी मोफत ऑनलाइन साधनं नेमकी कशी बसवायची?

फळा_डस्टर

सातवीचा वर्ग, पट 34, इंग्रजीचे आठवड्याला सहा तास, प्रत्येकी 40 मिनिटं. वर्गात एक स्मार्ट टीव्ही आणि माझा एक फोन. नेट आलं तर आलं. साधारण निम्म्या मुलांच्या हाती संध्याकाळी घरचा फोन तासभर लागतो.

अडचणी दोन. सुटा शब्द फळ्यावर लिहिला तर मुलं ओळखतात, स्पेलिंगही धडाधड म्हणतात. पण परिच्छेद आला की अक्षर अक्षर जुळवत बसतात आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. दुसरी अडचण शब्दांची. दहा शब्द अर्थांसह पाठ करून घेतले तर शनिवारच्या चाचणीत आठ येतात, पंधरा दिवसांनी तेच शब्द दुसऱ्या धड्यात भेटले तर अनोळखी.

मोफत साधनांच्या याद्या ढिगाने सापडतात, त्या नकोत. यातलं काय वापरायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे फसतं, एवढंच सांगा.

पानोपानी

आधी मजकूर, मग साधन. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ बहुधा एकच आहे: मुलांपुढे येणारा मजकूर त्यांच्या झेपेबाहेरचा आहे. शब्दसंग्रहाच्या अभ्यासात एक ढोबळ माप वापरतात. आपलं आपण वाचून समजायला हवं असेल तर 100 पैकी 98 शब्द ओळखीचे हवेत, शिक्षक सोबत असतील तर 95 चालतात. शंभरात दहा-बारा शब्द अडले तर ते वाचन राहत नाही, कोडं सोडवणं होतं.

मजकुरासाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ घ्या. ते 2015 पासून आहे आणि गोष्टी मुक्त परवान्यावर आहेत, म्हणजे छापा, वाटा, बदला, फक्त श्रेय द्या. पातळ्या चार. पहिलीत 250 पर्यंत शब्दांच्या गोष्टी, दुसरीत 250 ते 600, तिसरीत 600 ते 1500, चौथीत त्याहून मोठ्या. सातवीला म्हणून तिसरी पातळी उघडू नका. तुमच्या वर्णनावरून पहिल्या पातळीच्या शेवटापासून सुरुवात करावी लागेल. चित्रं फार बाळबोध वाटली तर मुलं नाक मुरडतात, म्हणून प्राणी-पक्ष्यांच्या गोष्टींऐवजी विज्ञान, प्रवास, खेळ असे विषय निवडा.

एक सावधगिरी. ही पातळी गोष्टीची लांबी आणि एकूण अवघडपणा सांगते, तुमच्या वर्गाला कोणते शब्द येतात ते तिला ठाऊक नसतं. दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आलेल्या गोष्टीत अचानक अवघड शब्द निघतात. म्हणून मजकूर कॉपी करून लेक्सट्यूटर या संकेतस्थळावरच्या व्होकॅबप्रोफाइलमध्ये टाका. साइट दिसायला जुनाट आहे, घाबरू नका. जुन्या, क्लासिक आवृत्तीत सर्वांत जास्त वापरातले पहिले हजार शब्द निळे होतात, दुसरे हजार हिरवे, शैक्षणिक यादीतले पिवळे आणि यादीबाहेरचे लाल.

हा निकाल जसाच्या तसा मानायचा नाही. निळी-हिरवी यादी 1953 सालची आहे, मायकेल वेस्ट यांची. हे गृहस्थ त्याआधी बरीच वर्षं ढाक्यात शिक्षण खात्यात होते, म्हणजे आपल्याच उपखंडातल्या मुलांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पण यादी जुनी ती जुनीच. 'कॉम्प्युटर' शैक्षणिक म्हणून पिवळा होतो. 'मँगो' आणि गावांची नावं लाल होतात, ती मुलांना येतातच, सोडून द्या. खरा धोका उलट बाजूला आहे. हे वाक्य पाहा: 'द बॉय टुक ऑफ हिज शूज अँड सॅट ऑन द बँक.' बहुतेक सगळं निळं. पण 'टेक' म्हणजे घेणे एवढंच माहीत असलेल्या मुलाला 'टुक ऑफ'चा 'काढले' हा अर्थ लागत नाही आणि 'बँक' म्हणजे नदीचा काठही असतो हे माहीत नसल्याने गोष्टीतल्या मुलाला तो पैशांच्या बँकेवर बसवतो. तेव्हा निळ्या शब्दांतून असे जोडशब्द आणि दुहेरी अर्थाचे शब्द हाताने वेचा. शिकवायचे शब्द बहुतांशी यांतच सापडतात.

400 शब्दांच्या गोष्टीत 95 टक्क्यांच्या हिशेबाने वीसेक जागा अडतात. पुन्हा पुन्हा येणारे धरले तर वेगळे शब्द दहा-बारा. त्यातले पाच-सहाच शिकवा, बाकीचे चित्रावर सोडा.

एक गोष्ट चार दिवस चालवा, रोज 15 मिनिटं. पहिल्या दिवशी मुलांनी फक्त ऐकायचं आणि बोटाने ओळ धरायची. स्टोरीवीव्हरवर काही गोष्टी आवाजासह आहेत, त्यात म्हटला जाणारा शब्द उजळत जातो. त्यांना नेट लागतं, नसेल तर तुम्ही वाचा. दुसऱ्या दिवशी तुमच्यामागून सगळ्यांनी, शब्द-शब्द तोडून नाही, तुकड्यातुकड्याने: 'द बॉय / टुक ऑफ हिज शूज / अँड सॅट ऑन द बँक'. तिसऱ्या दिवशी जोड्या. चौथ्या दिवशी चार-पाच मुलांचं एक मिनिटाचं वाचन फोनवर रेकॉर्ड करा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. 'निपुण भारत' या सरकारी मोहिमेतला तिसरी इयत्तेचा मिनिटाला 60 शब्दांचा आकडा इथे लावू नका, तो वर्गाच्या माध्यमभाषेसाठी आहे. मुलाची तुलना त्याच्या आधीच्या आकड्याशीच करायची.

डबा_नंबर_पाच

शब्द पंधरा दिवसांत पुसले जातात, कारण ते शनिवारनंतर परत भेटतच नाहीत. साधारण एक दिवस, तीन दिवस, आठवडा, पंधरवडा, महिना अशा अंतराने भेटायला हवेत. हे अंतर सांभाळायला अँकी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशी कार्डं ठरावीक अंतराने दाखवतं. संगणकावर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट, आयफोनवर मात्र पैसे पडतात.

कार्डं एकेक करून टाइप करू नका. गूगल शीट्समध्ये दोन रकाने करा. पहिल्यात गोष्टीतलं आख्खं वाक्य, शिकवायचा शब्द कॅपिटल अक्षरांत. दुसऱ्यात त्या वाक्यातला मराठी अर्थ. सुटा शब्द टाकलात तर पुन्हा तीच पाठांतराची वही झाली. फाइल उतरवताना टॅबने वेगळी केलेली निवडा. स्वल्पविरामाची निवडली तर आयात करताना अँकीत रकाने नीट वेगळे झालेत का ते तपासून घ्या. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, तिथे यूटीएफ-8 लिहिलेला पर्यायच घ्यायचा.

आयात झाल्यावर पहिलं काम सेटिंग बदलण्याचं. अँकी मुळात रोज 20 नवीन कार्डं देतं. वर्गासाठी ते 3 किंवा 4 करा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात उजळणीचीच शंभरावर कार्डं साचतात आणि सगळं बारगळतं. बरेच लोक अँकी सोडतात ते याच चुकीपायी.

टीव्हीवर आख्ख्या वर्गाचा एकच संच चालवणार असाल तर अँकीला कळतं फक्त पुढच्या बाकावरच्या तिघांचं, कारण उत्तर तेच ओरडतात. त्यावर उपाय पाटी. कार्ड दिसलं की दहा सेकंद गप्प, सगळ्यांनी अर्थ लिहायचा, मग पाट्या वर. 34 पैकी 24 तरी बरोबर असतील तर 'गुड' दाबा, नाहीतर 'अगेन'. 'हार्ड' आणि 'ईझी' ही बटणं वर्गात विसरा. दहा मिनिटांत बारा-पंधरा कार्डं होतात, तेवढी पुरेत.

फोन नसलेल्या मुलांसाठी हेच बुटांच्या खोक्यात करा. पाच कप्पे, कागदी कार्डं. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. खरं सांगायचं तर सातवीच्या वर्गात खोकं ॲपपेक्षा जास्त टिकतं.

फळा_डस्टर

दोघांचेही आभार. दोन शंका. मराठी अर्थ दिला की मुलं इंग्रजीतून विचारच करत नाहीत, असं प्रशिक्षणात सांगतात. मग कार्डामागे चित्र टाकू की मराठी? आणि उच्चार कोणाचे धरायचे?

व_आणि_व्ह

मराठीच टाका. 'स्ट्रीम'ला 'ओढा' म्हणायला एक सेकंद लागतो. चित्र दाखवलं तर निम्मी मुलं 'पाणी' समजतात, उरलेली 'नदी'. चित्र 'टुक ऑफ'ला उपयोगी नाही आणि 'ऑल्दो'ला तर नाहीच. मराठी अर्थ बाधतो तो वाक्याशिवाय दिला तर. गूगल ट्रान्सलेटमध्ये नुसतं 'लाइट' टाकून मुलं 'प्रकाश' लिहून आणतात आणि मग 'द बॅग इज लाइट'चं 'पिशवी प्रकाश आहे' होतं. घरी फोन वापरणाऱ्यांना नियम एकच सांगा: शब्द नाही, पूर्ण वाक्य टाकायचं. आणि कॅमेरा धरून आख्खं पान मराठीत करणाऱ्या सोयीपासून त्यांना दूर ठेवा, त्यात इंग्रजी वाचलंच जात नाही.

गोष्टीची मराठी आवृत्ती स्टोरीवीव्हरवर बरेचदा असते. मागे पडणाऱ्या मुलांना ती आदल्या दिवशी वाचायला द्या. इंग्रजीच्या शेजारी मात्र ठेवू नका, डोळा आपोआप मराठीकडेच जातो.

उच्चारांसाठी केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश पुरेसा आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आवाज असतात. एक निवडा आणि वर्षभर तोच ठेवा. यूग्लिशवर एकच शब्द वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकता येतो, पण व्हिडिओ यूट्यूबचे असतात, मुलांसमोर थेट उघडू नका.

आपल्या मुलांच्या ठरलेल्या चुका तीनच आहेत, वेळ त्यांवर घालवा. एक, 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट'. लिहिताना आपण व आणि व्ह वेगळे लिहितो म्हणून फरक जमतो असं वाटतं, तोंडातून दोन्ही एकच निघतात. पहिल्याला ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. दोन, 'शिप' आणि 'शीप'. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ क्वचितच बदलतो, त्यामुळे कानाला सवय नसते. तीन, 'वॉक', 'टॉक' यांतला न बोलला जाणारा एल.

आणि इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिणं बंद करा. ॲ आणि ऑ असल्यामुळे आपली लिपी कॅट, कट, कॉट सगळं नेमकं दाखवते, आणि गोम तिथेच आहे. मुलगा देवनागरीच वाचतो, खालचा इंग्रजी शब्द बघतही नाही. लिहायचंच असेल तर पानाच्या तळाशी.

पानोपानी

वरच्याशी सहमत, फक्त 'ओढा'सारख्या शब्दाला मराठी आणि चित्र दोन्ही द्यायला काय हरकत आहे? बाकी ठीक.

चाचणीबद्दल राहिलं होतं. शनिवारी प्लिकर्स वापरून बघा. प्रत्येक मुलाला चौकोनी छापील चिन्हाचं कार्ड, वरची कड बदलली की उत्तर बदलतं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. मुलांना फोन लागत नाही. नेहमीचा संच 40 कार्डांचा आहे, 34 जण आरामात बसतात. कार्डं लॅमिनेट करू नका, खिडकीचा उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला चिन्ह दिसत नाही, जाड साधा कागद घ्या. काळ्या भागावर बोट आलं तरी कार्ड वाचलं जात नाही, कडेला धरायला शिकवा. पर्याय देताना चुकीचे तीन शब्द दिसायला सारखे ठेवा. 'क्वाएट'सोबत 'क्वाइट' असलं पाहिजे, 'एलिफंट' नव्हे.

डबा_नंबर_पाच

एआय चॅटबॉटचं कुणी बोललं नाही. त्याचा एकच उपयोग इथे चोख आहे: शिकवलेले शब्द नव्या मजकुरात परत भेटवणं. सूचना नेमकी द्या. 120 शब्द, विषय आठवडी बाजार, वाक्य आठ शब्दांपेक्षा मोठं नको, हे सहा शब्द प्रत्येकी दोनदा, साधा भूतकाळ. तरी तो 'बसलिंग', 'व्हायब्रंट' असले अवघड शब्द घुसवतोच. लेक्सट्यूटरमधून गाळा, लाल निघालेले हाताने बदला. हे काम तुमच्या फोनवर, मुलांच्या नाही, कारण या सेवांना वयाची अट असते.

फळा_डस्टर

शेवटचं. गोष्टीची पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेतली, टीव्ही ती उघडतच नाही.

पानोपानी

बऱ्याच टीव्हींचा यूएसबीवरचा प्लेअर पीडीएफ ओळखत नाही, फोटो ओळखतो. संगणकावर पानं जेपीजी करून एका फोल्डरमध्ये ठेवा. नावं 01, 02, 03 अशी द्या. नुसतं 1, 2, 3 दिलंत तर बरेच टीव्ही 1 नंतर 10 लावतात आणि गोष्टीचा शेवट दुसऱ्याच पानावर येतो. स्लाइड शो बंद ठेवा, पान रिमोटने पुढे न्या.