प्रति: कीडाजडी एवढी महाग का?
लॅबमधली कॉर्डिसेप्स बुरशी स्वस्तात मिळते मग डोंगरातल्या कीडाजडीला (म्हणजे हिमालयात अळीच्या अंगातून उगवणारी, ताकदीचं औषध म्हणून खातात ती कॉर्डिसेप्स) किलोला लाखो का मोजायचे, असं विचारताय, पण अहो लॅबवाली बहुतेक वेगळीच जात असते, मिलिटॅरिस, आणि चिनी गिऱ्हाईकाला हवी असते ती अळीसकट अख्खी सायनेन्सिस. १९९३ मध्ये चिनी धावपटू मुलींनी रेकॉर्ड मोडले, कोचने श्रेय हिला दिलं, तिथून आणखी हवा झाली (कासवाचं रक्तही होतं म्हणे खुराकात!). मे-जूनला उत्तराखंडात धारचुला-मुन्स्यारीकडे, नेपाळात डोल्पाला घरंच्या घरं वर जातात, गवतात पोटावर पडून जमिनीवर आलेलं तिचं काडीएवढं टोक शोधत बसायचं, त्यावरच कित्येकांचं वर्ष निघतं. गोम एवढीच की बीजाणू पडायच्या आधी उपटलेलीलाच भाव जास्त, कारण अळी टणक असते, मग पुढच्या वर्षी उगवणार काय, २०२० ला आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींच्या) गेलीच की.