सॅन फ्रान्सिस्कोची खाडी वाचवणाऱ्या बाईंची आठवण कोल्हापुरात का काढायची?

घाटावरचा
सिल्व्हिया मॅकलॉफ्लिन २०१६ च्या जानेवारीत गेल्या, ९९ व्या वर्षी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की मला या बाईंची आठवण येते. त्यांची लढाई भरावाशी होती, आपलीही तीच आहे: पूरक्षेत्रात भराव पडतो आणि पाणी गावात येतं.

१९६० च्या सुमारास त्या खाडीकाठच्या बर्कली शहराचा बेत होता, खाडीत भराव टाकून शहर जवळपास दुप्पट करायचं. टेकडीवरच्या घरातून बाईंना कचऱ्याचे ट्रक खाडीत रिकामे होताना दिसायचे. के कर आणि एस्थर गुलिक या मैत्रिणींबरोबर त्यांनी निसर्गरक्षणवाल्या संस्थांच्या पुढाऱ्यांना चहाला बोलावलं. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, शुभेच्छा दिल्या आणि आपापल्या कामाला गेले. मग १९६१ मध्ये तिघींनीच संघटना काढली, वर्गणी एक डॉलर. १९६५ ला कायदा झाला आणि खाडीत भराव टाकायचा तर नव्या आयोगाची परवानगी लागू लागली. १९६९ ला तो आयोग कायमचा झाला.

पंचगंगेच्या निळ्या रेषेच्या, म्हणजे पूररेषेच्या आत मुरमाचा एकही डंपर पडू नये, एवढी एकच मागणी घेऊन कोल्हापुरात कुणी उभं राहणार आहे का? घाटावर दिवे आणि फरशा बसवणं म्हणजे नदी वाचवणं नव्हे.

व्हीनस कॉर्नर
दादा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. के कर यांचे यजमान कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष, मॅकलॉफ्लिन यांचे सोन्याच्या खाणीच्या कंपनीचे प्रमुख. अशा घरातून फोन गेला की साहेब उचलतातच. नदीकाठच्या सुतारवाड्यातल्या बाईनं अर्ज दिला तर पोच मिळायलाच चार हेलपाटे. ही उदाहरणं ऐकायला गोड, इथं लागू होत नाहीत.

घाटावरचा
ओळखी होत्या, खरंय. पण नुसत्या ओळखीनं कायदा होत नाही. एक डॉलरवाले सभासद हजारोंनी झाले आणि आमदारांकडे पत्रांचा ढीग लागला, तेव्हा विधिमंडळ हललं. माणसं गोळा करणं कोल्हापूरला अवघड आहे असं मला कुणी सांगू नये. एका हाकेला तालमी रस्त्यावर येतात. विसर्जित मूर्ती दान घ्यायचं काम याच गावानं उभं केलं, तेव्हा कुणाचा नवरा कुठं अध्यक्ष होता?

शिरोळकर
मुळात पूर भरावामुळं येतो हेच चूक. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचं आधी बोला.

घाटावरचा
सरकारच्या वडनेरे समितीनं २०१९ च्या महापुराचा अभ्यास करून अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं. पाऊस आपल्या हातात नाही, पण पाण्याला पसरायला जागा ठेवणं आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ते कुठंतरी जाणारच होतं.

वडणगेकर
आमचं रान निळ्या रेषेत आहे, म्हणून लिहितो. महापुरात ऊस बुडतो म्हणजे काय ते शहरातल्यांनी एकदा बांधावर येऊन बघावं. पाणी ओसरल्यावर लांबून हिरवं दिसतं. जवळ जाऊन शेंड्याचा पोंगा उकलला की आत गाळ. तो ऊस संपला. एवढं सोसून आम्ही ती जमीन राखायची, आणि पलीकडचा भराव टाकून, प्लॉट पाडून मोकळा. आता तुम्ही म्हणणार, तूही विकू नकोस. खाडीचं पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हतं. माझं रान आहे.

घाटावरचा
तिथंही होतं की. बर्कलीच्या काठाचा मोठा भाग रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता. तो सरकारनं पैसे मोजून विकत घेतला. त्याच काठावर आज मैलोन्‌मैल पसरलेलं उद्यान आहे आणि २०१२ ला, बाई हयात असतानाच, त्याला त्यांचं नाव दिलं. म्हणजे मोबदल्याची तुमची मागणी या लढाईच्या आड येत नाही, ती लढाईचाच भाग आहे.

वडणगेकर
मग मागणीत ते पहिलं लिहा, शेवटी नको. सरकारी रेडीरेकनरचा दर नाही, बाजारभाव. पुरात बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडी गावांना सोनतळीवर प्लॉट दिले, तरी माणसं जुन्या गावात राहिली, कारण पोट रानावर. जागा देऊन प्रश्न सुटत नसतो. मोबदला कागदावर येईपर्यंत माझी सही धरू नका.

सुतारवाड्यातली
वडणगेकर दादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण दर ठरायला किती वर्षं जातील ते तुम्हीच सांगा. पाणी पहिल्यांदा आमच्या दारात येतं. धान्याचे डबे माळ्यावर, पोरांची दप्तरं पिशवीत आणि आम्ही चित्रदुर्ग मठात. माघारी आलो की भिंतीला ओल, शेगडीत चिखल. व्हीनस कॉर्नरवाल्यांना अर्जाची काळजी वाटते, तर अर्ज मी देते, माझ्याबरोबर गल्लीतल्या बायका येतील. तुमचा मोबदला त्यात पहिला लिहू. पण रात्री येणारे डंपर या पावसाळ्याआधी बंद व्हावेत, हे दुसरं. दोन्ही एकाच कागदावर असेल तर सही कराल का?