मदत हवी आहे: दादाचं किट विमान, आईची फेरी आणि अपघातांचे आकडे

नमस्कार मंडळी,

विमानातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगते. आमच्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पाहुण्यांना सोडायला जाते, तेवढाच संबंध. पण प्रश्न घरातला आहे आणि घरात विचारायची सोय उरलेली नाही.

माझा मोठा भाऊ टेक्सासमध्ये असतो. वय ५४. आठ वर्षांपूर्वी त्याने तिकडे छोट्या विमानाचं लायसन्स काढलं आणि आत्तापर्यंत क्लबचं विमान तासाच्या भाड्यानं उडवत होता. जानेवारीत स्वतःचं घेतलं. कारखान्यातून आलेलं नव्हे. कुणीतरी किट मागवून आपल्या गॅरेजमध्ये रिव्हेट मारून मारून बांधलेलं. दादा तिसरा मालक. ज्यांनी बांधलं ते गृहस्थ आता हयात नाहीत.

आई-बाबा जूनमध्ये त्याच्याकडे जाणार आहेत. विमानाला दोनच सीटा, त्यामुळे तो एकेकाला फिरवून आणणार. "आधी मी," असं आईनं जाहीर करून टाकलंय. आई ७३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर दादा विमान आतून दाखवत होता, तर आईनं समोरची पट्टी वाचली आणि आम्हाला मराठीत सांगितली: "अगं, इथं लिहिलंय की हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही." दादा हसून म्हणाला, तिकडे ही पट्टी लावावीच लागते, कायदा आहे. बाबा काही न बोलता कूलरमध्ये पाणी टाकायला उठून गेले. कूलर भरलेला होता.

त्या रात्री मी वाचायला बसले. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे आकडे दिसले की राहवत नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं, म्हणजे एनटीएसबीनं, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांवर अख्खा अभ्यास काढला होता. तिथल्या छोट्या खाजगी विमानांच्या ताफ्यात ही विमानं जेमतेम १० टक्के. पण २०११ सालच्या एकूण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के, आणि ज्यांत माणसं गेली अशा अपघातांत २१ टक्के. शिवाय ही विमानं बाकीच्यांपेक्षा कमी तास उडतात, म्हणजे ताशी हिशेब केला तर तफावत आणखी वाढते.

दादाला हे पाठवलं तर त्याचं उत्तर: "तू रोज वर्धा रोडवरून अ‍ॅक्टिव्हा चालवतेस. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांच्या वर दुचाकीवरची. आईला मागं बसवून सीताबर्डीला नेतेस तेव्हा कुठं असतात तुझे आकडे?"

आता यावर काय बोलायचं? तो आकडा १४० कोटी लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे, त्याला भागायचं कशानं, हे मी त्याला समजावत बसले तर तो म्हणणार, झाली हिची शिकवणी सुरू.

तर विचारायचं एवढंच: मी उगाच घाबरतेय का? आणि दादाचं मन न दुखावता त्याला नेमकं काय विचारावं? "नेऊ नको" म्हणून उपयोग नाही, आई ऐकणार नाही.

तर्रीपोहे:
ताई, दादा विमान घेऊन राहिला न् तुम्ही इकडं धागा काढून राहिल्या! जाऊ द्या न आईला, काऊन टेन्शन घेता. आपल्या अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं होतं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया'त ठेवलं होतं, पाहिलं असंल तुम्ही. गच्चीवर विमान होते तर गॅरेजमध्ये काऊन नाही होणार?

धागाकर्ती:
भाऊ, बांधता येतं हे कळलं. त्यांना उडवायची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं, तेही सांगा की.

वायुसेनानगरचा म्हातारा:
मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. शेवटची वर्षं इथेच, मेंटेनन्स कमांडला. सही केल्याशिवाय पाना खाली ठेवायचा नाही, अशा वातावरणात जन्म गेला. त्यामुळे 'गॅरेजमध्ये बांधलेलं' ऐकून पहिल्यांदा माझ्याही कपाळावर आठी पडली. पण बाई, ॲल्युमिनियमला कारखाना आणि गॅरेज यांतला फरक कळत नाही. रिव्हेट नीट बसली की बसली. मला काळजी वेगळीच वाटते. कारखान्याच्या एका मॉडेलची शंभर विमानं असली तर शंभर जागी एकच नळी एकाच ठिकाणी असते. फिटर डोळे मिटून हात घालतो. तुमच्या दादाच्या विमानासारखं दुसरं विमान जगात नाही. ज्याला ते आतून पाठ होतं तो माणूस आता नाही.

तेव्हा पहिला प्रश्न: बांधणाऱ्याची वही दादाकडे आहे का? बांधकामाची नोंद, फोटो, वजनाचा तक्ता, आणि पहिल्या चाचणी उड्डाणांचे आकडे. दुसरा: त्या वहीत नसलेलं काय काय विमानात आहे? मधल्या मालकानं काय लावलं, काय काढलं? आणि वर्षाची तपासणी कोण करतं?

ओहायोकर:
मी स्वतः किट बांधतोय. सातवं वर्ष चालू आहे. बायको त्याला 'सवत' म्हणते.

काकांचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्याचं उत्तर आधी देतो. इथे ज्यानं विमान बांधलं त्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी करायचं प्रमाणपत्र मिळू शकतं. ते विमानाबरोबर विकलं जात नाही. म्हणजे दादाकडे स्वतःचं तपासणीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला दर बारा महिन्यांनी लायसन्सवाल्या मेकॅनिककडून तपासणी करून सही घ्यावी लागते. शेवटची सही कधीची, हे विचारायला लाजू नका.

आता तुमच्या आकड्यांबद्दल. तुम्ही अहवालाचं पहिलंच पान वाचून थांबलात असं वाटतं (राग मानू नका, मीही तेच केलं होतं). खरा माल आत आहे. त्या वर्षी अपघात झालेल्या घरबांधणीच्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानं सेकंडहँड घेतलेली होती, उडवणाऱ्यानं स्वतः बांधलेली नव्हती. अपघातांचे गठ्ठे दोन जागी दिसतात: विमान नवंकोरं असताना सुरुवातीच्या तासांत, आणि जुनं विमान नव्या मालकाच्या हातात आल्यावर पहिल्या उड्डाणांत. हे पायलट नवशिके होते असंही नाही. एकूण उड्डाणाचे तास बाकीच्यांइतके किंवा जास्तच होते. कमी होता तो त्या विशिष्ट विमानातला अनुभव. कारणं मुख्यतः दोन, इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं.

त्यामुळे १० टक्के आणि २१ टक्के तुमच्या फारसे कामाचे नाहीत. त्यात काल पहिल्यांदा उडलेलं विमानही आहे आणि वीस वर्षं बिनतक्रार उडणारंही. नव्या विमानाला तर इथे आधी चाचणीची उड्डाणं पूर्ण करावी लागतात (सहसा २५ किंवा ४० तास), तोवर पॅसेंजर बसवता येत नाही. पण विमान विकलं गेलं की नव्या मालकासाठी ते तास पुन्हा मोजले जात नाहीत. कायद्यानं दादा पहिल्याच दिवशी आईला बसवू शकला असता.

एक जुनी गोष्ट सांगतो. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात असंच विमान कोसळून गेला. विमान लाँग-ईझी, सेकंडहँड, नुकतंच घेतलेलं. आदल्या दिवशी अर्धा तास शिकवणीचं उड्डाण झालं होतं. माणूस कच्चा नव्हता, २,७०० तासांच्या वर उडवलेलं. पण त्यातला पेट्रोलचा कॉक (आपल्या जुन्या बजाज चेतकला असायचा तसाच, टाकी बदलायचा) मूळ नकाशात पायलटच्या समोर होता. बांधणाऱ्यानं तो नेऊन ठेवला डाव्या खांद्याच्या मागं. बसल्या जागी हात पोचेना, म्हणून उडण्याआधी मेकॅनिक आणि त्यानं मिळून दांडीला पकड लावून पाहिली, तीही जमली नाही. पेट्रोल भरून देऊ का विचारलं तर नको म्हणाला, तासभरच जायचंय. तपासात निघालं ते असं: टाकी बदलायला मागं वळताना उजवा पाय सुकाणूच्या पेडलवर दाबला गेला आणि विमान हातातून गेलं. चेतकचा कॉक चालत्या गाडीवर वाकून फिरवताना हँडल कसं लचकतं, तसंच. फक्त तिथं रस्त्याच्या कडेला थांबायची सोय नाही.

दादाच्या विमानात पेट्रोलचा कॉक कुठे आहे, त्याचा फोटो मागवा. भांडण न करता विचारता येईल असा हा प्रश्न आहे.

धागाकर्ती:
ओहायोकर, अहवालाचं पहिलंच पान वाचलं हे खरं आहे. मुलांना मी हेच सांगते, छेद बघा, गट बघा. घरचं आलं की विसरले.

फोटो मागवला. "आईला सगळं दाखवायचंय" असं खोटंच कारण दिलं.

धागाकर्ती (दोन दिवसांनी):
फोटो आला. कॉक दोन सीटांच्या मध्ये, खाली फरशीवर आहे, हात पोचतो. तेवढ्यावर मला हायसं वाटलं होतं. पण काकांचं 'मधल्या मालकानं काय लावलं' आठवलं, म्हणून फोटो मोठा करून पाहिला. दांडीला दोन टोकं आहेत, एक लांब, एक आखूड टोकदार. आपण लांब टोक जिकडे तिकडची टाकी चालू समजू. पण मधल्या मालकानं शेजारी पांढरी चिकटपट्टी लावून पेनानं बाण काढलाय, आखूड टोकाकडे. शाई अर्धी पुसलेली.

दादाला विचारलं. आधी म्हणाला, माहीत आहे मला. मग जरा वेळानं म्हणाला, फेब्रुवारीत एकदा जमिनीवर चुकलो होतो, इंजिन खोकलं तेव्हा लक्षात आलं. हे त्यानं वहिनीलाही सांगितलेलं नव्हतं.

वायुसेनानगरचा म्हातारा:
ती चिकटपट्टी आज काढायला सांगा. उद्या नाही. नीट कोरलेली पट्टी बसवा, आणि मेकॅनिकच्या देखत दोन्ही टाक्यांवर जमिनीवर इंजिन चालवून बघा. लागल्या हाती पेट्रोलचा प्रवाहही मोजून घ्या. विमानाचं नाक चढणीच्या कोनात वर करायचं, कार्ब्युरेटरजवळ नळी सोडायची, पंप चालू करून मिनिटाला किती येतं ते भांड्यात धरायचं. पंपाच्या इंजिनाला पूर्ण ताकदीवर लागतं त्याच्या सव्वापट तरी आलं पाहिजे.

ओहायोकर:
दादाचे या विमानातले तास किती झाले?

धागाकर्ती:
अकरा. त्यातले तीन शिकवणाऱ्याबरोबर.

ओहायोकर:
मग जूनपर्यंत त्यानं अजून वीसेक तास काढावेत असं मी तरी म्हणेन, त्यातले काही पुन्हा शिक्षकाबरोबर, आणि सगळे याच विमानात. विशेषतः उतरताना धावपट्टीकडे शेवटचं वळण. वेग कमी, उंची कमी, आणि वळण चुकलं म्हणून माणूस विमान आणखी कलवतो. ४५ अंश कललं की ज्या वेगाला पंख उचलणं सोडतात तो वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशाला ४१ टक्क्यांनी. तुम्ही गणिताच्या, १ भागिले कोसाइन थीटाचं वर्गमूळ करून बघा. हे विमान क्लबच्या विमानापेक्षा चपळ असणार आणि इशारा कमी देणार. वळण बिघडलं तर सरळ पुन्हा वर जायचं, लाज वाटू द्यायची नाही.

दुसरं, दुपारी नेऊ नका. टेक्सासचा जून आहे.

तर्रीपोहे:
नागपूरच्या बाईला ऊन सांगून राहिले तुम्ही?

ओहायोकर:
आईंचं नाही हो, विमानाचं. नागपूरचंच घ्या. विमानतळ साधारण ३१० मीटरवर, म्हणजे हजार फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान धरतात १३ अंश. मे महिन्यात पारा ४५ ला गेला की फरक ३२ चा. दर अंशाला १२० फूट धरा. विमानाला वाटतं आपण जवळपास पाच हजार फुटांवरून उडतोय. पंखाला कमी हवा, इंजिनाला कमी हवा, धावपट्टी जास्त लागते, चढण मंद. टेक्सासात दुपारी थोडं कमी, पण जात तीच. सकाळी सातला न्या, हवाही शांत असते.

धागाकर्ती:
१.१८९ आणि १.४१४. केलं.

काल रात्री दादाशी तासभर बोलले. आकडे काढलेच नाहीत. चिकटपट्टी काढलीय, प्रवाहाची मोजणी येत्या शनिवारी मेकॅनिकबरोबर आहे. वीस तासांचं म्हटलं तर आधी चिडला, मग म्हणाला, आई येईपर्यंत पंधरा तरी होतील. न झाले तर? विचारलं. तर म्हणाला, मग ऑगस्टमध्ये नेईन, ती सहा महिने आहेच. बांधणाऱ्याची वही मात्र त्याच्याकडे नाही. मधल्या मालकाला लिहिलंय, उत्तर यायचंय.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी खालूनच बघेन.

आता आईचा प्रश्न, तिच्याच शब्दांत: "साडी नेसून बसता येतं का ते विचार त्या लोकांना."

वायुसेनानगरचा म्हातारा:
नाही. अशा विमानांत बहुधा दोन्ही सीटांसमोर गुडघ्यांच्या मध्ये विमान चालवायची दांडी असते आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. आईंच्या निऱ्या त्यांच्या दांडीत अडकल्या तर दादाची दांडीही अडकणार. पंजाबी ड्रेस, ओढणीशिवाय.

ओहायोकर:
शिवाय पॅसेंजरकडची दांडी बऱ्याच विमानांत काढून ठेवता येते. दादाच्या विमानात निघते का ते विचारा, आणि निघत असेल तर काढूनच आईंना बसवायला सांगा.

धागाकर्ती:
विचारलं. निघते म्हणतोय, एक पिन आहे. फोटो पाठव म्हटलं आहे.