५२ पुस्तकांचा संकल्प, सबमिशन आणि दिवाळी अंक: मोजायचं काय?

गोदाकाठ
कालपासून एक पोस्ट फिरतेय: 'कॉलेजच्या पोरांनी वर्षाला ५२ पुस्तकांचा संकल्प करणं ही नुसती शायनिंग. अभ्यास बुडतो, वाचलेलंही डोक्यात राहत नाही.' लिहिणाऱ्याने भागाकार केलेला दिसत नाही, म्हणून करून देतो.

२०० पानांची ५२ पुस्तकं म्हणजे १०,४०० पानं. ३६५ ने भागलं की रोज साधारण २९. डेमी आकाराच्या (नेहमीच्या कादंबरीएवढ्या) पानाला दोन मिनिटं धरली तर तासाच्या आत काम होतं, आणि इथेच सगळे फसतात. इंजिनीअरिंगच्या पोराला ३६५ दिवस मिळतात कुठे? इनसेम (सत्रामधली परीक्षा), सबमिशन, ओरल, पीएल (अभ्यासाची सुट्टी), एंडसेम (सत्राअखेरची परीक्षा) धरून दर सेमिस्टरमागे सात आठवडे कापा. वर्षाचे ९८ दिवस गेले, उरले २६७. त्यात ५२ कोंबायची तर रोज ३९ पानं, म्हणजे सव्वा तासाच्या वर. फेब्रुवारीतच गाडी घसरणार. २२० पानांची २४ घ्या: रोज २० पानं, चाळीस मिनिटं. परीक्षेच्या काळात शून्य, आणि त्याचा अपराधीपणाही शून्य, कारण ते दिवस आधीच वजा केलेत.

पेठरोड_४
गणित छान. पण रोग वेगळाच आहे. नोव्हेंबरात वाचन नोंदवायचं अ‍ॅप 'सात पुस्तकं मागे' दाखवायला लागलं की पोरं काय करतात? ६४ पानांच्या पुस्तिका शोधतात, एकांकिका शोधतात, धाकट्या भावाच्या बालकथा उचलतात. मोजणीत ७०० पानांची कादंबरीही एक आणि ती पुस्तिकाही एकच. मग जाडी पुस्तकं कोण हातात धरणार? आकडा ठेवला की पुस्तकाची निवड आकडाच करतो.

गोदाकाठ
मग पानं मोजा ना! गुडरीड्स अ‍ॅपचं वार्षिक आव्हान पुस्तकं मोजतं, स्टोरीग्राफ या दुसऱ्या अ‍ॅपवर पानांचं किंवा तासांचं लक्ष्य लावता येतं. वर्षाच्या मध्यात आकडा कमी केला तर कुणी पकडून नेत नाही. त्याहून सोपं म्हणजे पुस्तकात एक लांबट चिठ्ठी ठेवा. वाचायला बसलात की तारीख आणि पान क्रमांक लिहा. चार तारखा लागल्या आणि पानं दहाच सरकली असतील, तर पुस्तक बाजूला ठेवायचं. अडलेलं एक पुस्तक महिना खातं.

सिडकोकर
अ‍ॅपबद्दल दोन गोष्टी. 'वाचलं' म्हणून नोंदवलं पण संपल्याची तारीख टाकली नाही, तर गुडरीड्स ते वर्षाच्या मोजणीत धरत नाही. निम्मी 'मागे पडलो'ची रडगाणी तिथून येतात. दुसरं, १९७० च्या आधीच्या मराठी आवृत्त्यांवर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नसतोच, त्यामुळे स्कॅन करत बसू नका. नाव, लेखक, पानं हाताने भरा.

आणि पुस्तकं आणायची कुठून हे कुणी बोलत नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आपल्या नाशकात आहे, पण तिथे शालिमार चौकात गाडी लावायला जागा शोधण्यात रोजच्या २० पानांचा वेळ जातो. आधी ते सोडवा, मग संकल्प करा.

निफाडची_थंडी
पार्किंगसाठी वेगळा धागा काढा, दादा. शिवाय बसने जा. नाशिकरोड ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) प्रवासात, द्वारका चौकात अडकलात तर हमखास, १२-१५ पानांची एक कथा होते. म्हणून दप्तरात कथासंग्रह, घरी कादंबरी. बसमध्ये मळमळत असेल तर ऑडिओ लावा. ढोबळमानाने एका तासाची २५ पानं धरा.

एक राहिलंच. दिवाळी अंक मोजायचे की नाही?

पेठरोड_४
दिवाळी अंक म्हणजे पुस्तक? उद्या कॅलेंडरमागच्या पाककृतीही धरा.

निफाडची_थंडी
हसा नंतर, आधी मोजा. डेमी पानावर ओळीत साधारण दहा शब्द, ओळी २८. झाले २८०. अंकाच्या मोठ्या पानावर दोन स्तंभ, स्तंभाच्या ओळीत सहा शब्द, ओळी ४२. झाले ५०४. २०० पानांच्या अंकातून ४० पानं जाहिरातींची काढली तरी ८०,००० शब्द उरतात. तुमच्या २०० पानी कादंबरीत ५६,०००. 'मनोरंजन' मासिकाच्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून चालत आलेली परंपरा, आणि ती तुम्ही कॅलेंडरशेजारी टांगताय!

पेठरोड_४
परंपरेचं नाव घेतलं की वाद जिंकता येतो, हे माहीत नव्हतं. वजनकाट्यावर साहित्य मोजणाऱ्यांशी काय बोलायचं? अख्खा अंक कोण वाचतं ते सांगा.

सिडकोकर
काटा तुम्हीच काढलात, साहेब. ६४ पानं विरुद्ध ७०० कुणी मांडलं होतं?

पण मुद्दा खरा आहे. अंक चाळला जातो. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत तर पुढचा अंक मिळवायच्या घाईत दोन कथा आणि व्यंगचित्रं बघून लोक परत करतात. त्यात दिवाळी बरेचदा परीक्षेच्या तोंडावर येते. अनुक्रमणिकेत वाचलेल्या लेखापुढे पेन्सिलीने टिंब द्यावं (स्वतःच्या अंकात, वाचनालयाच्या नव्हे!) आणि तेवढीच पानं धरावीत. अंकाचं एक पान म्हणजे डेमीची पावणेदोन पानं.

गोदाकाठ
धागा अभ्यास आणि वाचनाचा होता. असो. पावणेदोन मान्य.

पेठरोड_४
बरं बाबा, घ्या तुमचे पावणेदोन. पानं मोजणार असाल तर माझी हरकत निम्मी. ५२ ची हौस मात्र अजूनही शायनिंगच. आणि राशिभविष्याची पानं वजा.

निफाडची_थंडी
ती वजा केली तर निम्म्या महाराष्ट्राच्या खात्यात शून्य पानं उरतील.