नवा स्विच लावला, पण एकच पीसी रडतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या ऑफिसात राउटरचे चारही पोर्ट भरले, म्हणून काल ८ पोर्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएस वेगाचा) नेटवर्क स्विच, म्हणजे जास्त पीसी जोडायचा डबा, आणला. राउटरच्या लॅन पोर्टातून एक केबल स्विचला, बाकी सगळं स्विचवर. चार पीसी झकास. पाचव्याचा दिवा मात्र हिरव्याऐवजी पिवळा, वेग १०० एमबीपीएसच्या वर जातच नाही. पोर्ट बदलला, तेच. ती केबल मीच क्रिम्प केलीय, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवलाय (हौस!). भिंगातून पाहिलं तर तपकिरी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलेली दिसत नाही. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात, म्हणजे हेच कारण ना? नुसता कनेक्टर बदलून भागेल, की २० मीटर केबल नव्याने ओढू? फॉल्स सीलिंग पुन्हा उघडायचं जिवावर आलंय.